नमुना

म्हातारा खुर्चीत बसला, शर्टाची बाही वर सारली, आणि मी त्याच्या दंडाला पट्टा आवळत असताना नाक वर करून म्हणाला, “बाई, घेतलीय का तुम्ही?”

वास स्पिरिटचा होता. ओला बोळा माझ्या हातातच होता, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. सकाळी साडेसात ते अकरा मी माणसांची रक्तं काढते, प्रत्येक रक्ताआधी असा एक बोळा लागतो, त्यामुळे तो वास माझ्या बोटांत, बाहीत, केसांत मुरलेला आहे. हे कोणालाही समजावं. पण म्हाताऱ्याने समजून घ्यायच्या आधीच विचारून टाकलं होतं, तेही किती सहज, बाई जेवलात का म्हणून विचारावं तसं. सतरा वर्षं मी या खुर्चीशेजारी उभी आहे. त्यातली अकरा वर्षं हा प्रश्न विचारण्यासारखी होती. तेव्हा कोणी विचारला नाही. तेव्हा मी पेपरमिंटची गोळी गालात धरून शांतपणे शिरा शोधायचे, आणि लोक म्हणायचे, या सिस्टरांचा हात किती हलका, टोचलेलं कळलंसुद्धा नाही. खरंच होतं ते. कोणालाच काही कळलं नाही. आणि आता, शेवटचा घोट घेऊन एक्केचाळीस दिवस झाल्यावर, चार दातांचा एक माणूस मला भर सकाळी हुंगून विचारतो आहे. मला राग आला. पण रागाच्या पाठोपाठ पोटातून हसू वर आलं, आणि ते दाबायच्या नादात तोंडून खरं निसटून गेलं.

“आज नाही,” मी म्हणाले. “आज एक्केचाळिसावा दिवस. मूठ आवळा.”

त्याने मूठ आवळली. शीर पातळ होती, सरकणारी; अंगठ्याने खाली धरून मी सुई आत घातली आणि नळीत रक्त आलं. “सोडा,” मी म्हणाले. बोळा दाबून धरत म्हातारा म्हणाला, “माझ्या धाकट्या भावाला नाही जमलं. तुम्ही चालू ठेवा,” आणि बाही खाली करून निघून गेला. इतकंच झालं. पण बाहेरच्या बाकावर सहा माणसं उपाशीपोटी बसलेली होती, आणि उपाशी माणसांचे कान फार तिखट असतात. त्यांतल्या एक पर्सवाल्या बाई उठल्या, काउंटरवर गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडे पिणाऱ्या बायका सुया टोचतात का हो?”

पुढचे चार जण मी टोचले. त्यांतल्या दोघांनी माझ्या हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं नाही. हात स्थिर होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पहिल्या दहा दिवसांत तो नव्हता. तेव्हा मी रजा काढून घरी बसले होते आणि मुलगी मला चहा अर्धा कप देत असे, पुरा भरला की बशीत सांडायचा. पंधरा वर्षांची मुलगी. ती काही बोलत नसे, फक्त कप अर्धा भरत असे. ते अर्धे कप आठवले की अजून माझं तोंड कडू होतं, कारण ती हुशारी तिला कुठल्या शाळेत शिकवली नव्हती, ती माझ्याकडे बघून बघून शिकली होती. आईच्या खोलीत जाताना आधी खोकावं, आईची मैत्रीण आली तर आईला ताप आहे म्हणावं, आईने शपथ घेतली की मान हलवावी. माझी बाटली कुठे असते हे मात्र तिला कधी सापडलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता. मी दारू गरम पाण्याच्या पिशवीत ठेवत असे. रबराची, लाल, बुचाची पिशवी. कंबर दुखते असं मी जाहीर केलं होतं. संध्याकाळी मी पिशवी घेऊन पलंगावर आडवी व्हायचे, कधी पाठीशी, कधी पोटाशी, आणि कूस बदलली की एक घोट. दारूला रबराचा वास यायचा, आणि मी स्वतःला सांगायचे, निदान कंबरेला आराम आहे. कंबर कधी दुखलीच नव्हती. पुढे पुढे खरंच दुखायला लागली, ती इतकं आडवं पडून. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, गेला. जाताना म्हणाला, “तू काय नमुना आहेस हे मला कळतच नाही.” नमुने तर मी रोज शंभर गोळा करत होते, लेबल लावून, ओळीने. स्वतःचा तेवढा कधी तपासायला दिला नव्हता.

एक्केचाळीस दिवसांपूर्वी मुलीचं पोट दुखत होतं. दुपारची वेळ, मी कामावरून आले तर ती ओट्यापाशी उभी. पाणी उकळत होतं, आणि तिच्या हातात ती पिशवी होती, बूच उघडलेली. तिने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी उलटी करून बेसिनमध्ये ओतली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत, वर नळ सोडला, आतून तीन वेळा विसळली, गरम पाणी भरलं, बूच लावलं, आणि पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून झोपली. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. भांडणात मी फार पटाईत होते, भांडणातून मी नेहमी पिण्याचं कारण घेऊन बाहेर पडायचे. तिने मला कारणच दिलं नाही. मी तासभर स्वयंपाकघरात उभी होते, बेसिनच्या जाळीचा वास घेत. हो, वास घेत होते, खोटं कशाला बोलू. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते त्या खोलीत गेले.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि मधे बसलेला एक निवृत्त बस कंडक्टर, सोळा वर्षं न प्यायलेला, जो दारात घुटमळणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, “पुढे सरका, आत जागा आहे.” मला वाटलं होतं तिथे रडारड असेल. तिथे बाटल्या लपवायच्या जागांवर चर्चा चालली होती. एकाने देवाच्या फोटोमागे ठेवली होती, एकाने बुटात. एक सुतार होता, त्याने दाराच्या चौकटीत खण कोरला होता आणि प्यायल्यावर खण उघडायचा कसा तेच विसरला होता. माझी पाळी आली. मी पिशवीचं सांगितलं. ती अकरा माणसं इतकी हसली की खालून दुकानदाराने छताला काठी ठोकली. सुतार उठून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, माझी हार.” मीही हसले. किती वर्षांनी, तेही न पिता, जबडा दुखला. ज्या गोष्टीपायी मी रोज रात्री अंधारात तोंड लपवत होते ती ट्यूबलाइटखाली आल्यावर एवढीशी आणि एवढी येडपट दिसत होती. हसणं ओसरल्यावर कंडक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, “हसून झालं? आता जे सांगताना हसू येणार नाही ते पण कधीतरी सांगायचं. आज नको. पण ते आहे, एवढं लक्षात ठेवा.” मी म्हणाले, “तसं काही नाही.” तो म्हणाला, “बरं.” त्याच्या त्या ‘बरं’वर मी चाळीस दिवस चिडलेली होते. तिकीट काढलेलं नाही हे माहीत असूनही पुढे जाणाऱ्या कंडक्टरसारखं ते ‘बरं’ होतं.

अकरा वाजता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम लॅबच्या मालकीण, डॉक्टर, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. लॅबमध्ये दोन खुर्च्या आणि एक फ्रिज होता तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर आहे. मी पिते हे त्यांना रजेच्या वेळी मीच सांगितलं होतं, आणि त्यांनी दहा दिवस दिले होते, वर एक शब्द न विचारता. आता त्यांच्या टेबलावर स्पिरिटची मोठी बाटली होती, अर्धी. बाजूला काउंटरवाला उभा होता, हात मागे बांधून.

“ही काल दुपारी आली,” मॅडम म्हणाल्या. “सीलबंद. आज अर्धी आहे.”

मी बाटलीकडे बघितलं. निळसर द्रव, कागदी लेबलखाली कोरडी रेघ. “मी नाही घेतली,” मी म्हणाले.

“मी म्हणत नाही तू घेतलीस. पण बाहेर त्या बाई तमाशा करून गेल्या. तू काहीतरी दिवस मोजून सांगितलेस म्हणे.”

“एक्केचाळीस.”

“कशाला सांगायचं पेशंटला?”

“त्यांनी विचारलं.”

काउंटरवाला घसा खाकरून म्हणाला, “कपाटाची किल्ली दोघांकडेच असते मॅडम. तुमच्याकडे आणि यांच्याकडे.” तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त गोष्टी जागच्या जागी लागतात, आणि माझी जागा आता त्याच्या मनात ठरली होती. मी त्याच्या जागी असते तर मलाही मीच वाटले असते. म्हणून मी म्हणाले, “प्यायले नाही. पण नवव्या दिवशी रजेत असताना मी इथे आले होते, दुपारी, किल्लीने. कपाट उघडून बाटलीचं बूच काढलं होतं. उभी राहिले. हुंगली. परत लावून गेले.” काउंटरवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मला जवळजवळ त्याची दया आली. चोर सापडावा आणि त्याने आणखी एका घराचा पत्ता द्यावा, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ,” त्या म्हणाल्या, आणि आवाज मऊ झाला, “मला वाढवायचं नाहीये. मुलीची शपथ घे, माझ्यासमोर, की कालपासून तू या बाटलीला हात लावला नाहीस. माझा विषय संपला.”

किती सोपं होतं. हात वर करायचा आणि म्हणायचं. मी ते किती वेळा केलं आहे याचा हिशेब माझ्याकडे नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्या वह्यांवर हात ठेवून, एकदा ती तापाने फणफणलेली असताना तिच्या कपाळावर हात ठेवून, आणि तो हात काढला तो सरळ पिशवीच्या बुचावर. शपथ घेताना मला दर वेळी खरंच वाटायचं. हेच त्यातलं भयंकर. डोळे भरून यायचे, गळा दाटायचा, आणि त्या दाटलेल्या गळ्याला थोडी ओल हवी म्हणून मी प्यायचे. मुलगी तिच्या वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. मला कधी कधी वाटतं, माझ्या हातांच्या ओझ्याने.

“शपथ घेणार नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“शपथा मी पीत होते तेव्हा घ्यायचे. त्या सगळ्या खोट्या होत्या. आता पीत नाही, तर शपथही घेत नाही. तिच्या डोक्यावर इतके हात ठेवून झालेत मॅडम, की तिची उंची खुंटली. तुम्हाला खात्री हवी असेल तर रक्त तपासा. लॅब आपलीच आहे.”

“रक्त कोण काढणार?” मॅडम म्हणाल्या. “इथे धड काढता तुलाच येतं.”

“मीच काढते.”

त्यांना वाटलं मी वैतागून बोलते आहे. मी बाहेर जाऊन सामान घेऊन आले. स्पिरिटचा बोळा घेतला नाही, तो घेतला तर तपासणीच बिघडेल. साबणाने कोपर धुतलं, वर तपकिरी औषध लावलं, खुर्ची ओढून त्यांच्या टेबलापाशी बसले. पट्ट्याचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं उजव्या हाताने खेचलं. सतरा वर्षं लोकांना सांगत आले तेच स्वतःला सांगितलं, मूठ आवळा. शीर वर आली, जाडजूड, अगदी शहाण्यासारखी. अकरा वर्षं मी तिला काय काय पाजलं, आणि तरी ती बोलावल्यावर आली, याचं मला उगाच कौतुक वाटलं. सुई गेली. दांडा मागे ओढताना रक्त सिरिंजमध्ये चढू लागलं, गडद, कोणाच्याही रक्तासारखं. काउंटरवाला भिंतीकडे बघत होता. रक्त बघवत नाही त्याला, एवढी वर्षं रक्ताच्या दुकानात बसतो. भिंतीकडे बघता बघताच तो म्हणाला, “मॅडम.” मग थांबला. मग म्हणाला, “काल संध्याकाळी मी त्या फवाऱ्याच्या छोट्या बाटल्या भरल्या. चार. तुम्ही निघताना मला किल्ली देऊन सांगितलं होतं, भरून ठेव म्हणून. माझ्या डोक्यातूनच गेलं.”

मी सुई काढली, कोरडा बोळा दाबला, रक्त राखाडी झाकणाच्या नळीत सोडलं. हात अजिबात हलला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर लाली चढली होती, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझ्याही लक्षात नाही राहिलं. सॉरी. खरंच सॉरी.” काउंटरवाला म्हणाला, “ताई, माफ करा मला.” तो पहिल्यांदाच मला ताई म्हणाला. बाहेर जाऊन त्याने दार हलकेच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं. मी निर्दोष होते. ही एक नवीनच चव होती तोंडात. मी नळीवर चिकटवायला लेबल घेतलं, त्यावर स्वतःचं नाव लिहायला घेतलं, आणि मॅडम म्हणाल्या, “आता कशाला लेबल, टाकून दे ते. मला मनातून ठाऊक होतं. तुझे बाकी सगळे दोष एकीकडे, पण कामात तू कधी खोटेपणा करणार नाहीस.”

मी लिहायचं थांबले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक माणूस काम करत असे. आम्ही त्याला लांब्या म्हणायचो, कारण दारातून येताना त्याला वाकावं लागे. चाळिशीतला, टापटिपीचा, इतका की पेनांची टोपणं रंगाप्रमाणे लावायचा. त्या सकाळी मी घरूनच घेऊन आले होते, चहाच्या थर्मासमध्ये. दोन नळ्या माझ्या समोर होत्या, एका साठीच्या बाईंची आणि एका तरण्या माणसाची, आणि लेबलं मी उलटी चिकटवली. तरण्याला साखर निघाली, त्याने महिनाभर गोड सोडलं. बाईंना सांगितलं, सगळं उत्तम. पाचव्या दिवशी त्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडल्या. नऊ दिवस इस्पितळात होत्या. वाचल्या. मग शोध सुरू झाला, की हे दोन नमुने कोणाच्या टेबलावरचे. त्या दिवसाची नोंदवही मी दुपारी भरायची ठेवली होती, आणि दुपारी भरताना ते दोन्ही मी लांब्याच्या रकान्यात लिहिले होते. चुकून नाही. लेबलं चुकल्याची शंका मला तेव्हाच आली होती. मॅडमनी आम्हा दोघांना याच केबिनमध्ये उभं केलं होतं, आणि मी गालात पेपरमिंट धरून म्हणाले होते, त्या दिवशी त्याची तब्येत बरी नव्हती मॅडम. तो माझ्याकडे बघत राहिला होता. महिन्याच्या आत त्याची नोकरी गेली. त्या संध्याकाळी मी कूस बदलून बदलून पिशवी संपवली, आणि त्यानंतर मी त्या गोष्टीचा विचार न करण्यासाठी किती प्यायले ते विचारू नका. लोक म्हणतात दारूने माणूस खोटं बोलायला लागतो. माझं उलटंही होतं. ते खोटं झाकायलाच अर्धी दारू लागत होती.

आता मला कोणी पकडलं नव्हतं. उलट सोडलं होतं. दार उघडं होतं, बाहेर ताई म्हणणारा माणूस बसला होता, आणि मॅडमनी मला सतरा वर्षांचं प्रशस्तिपत्र एका वाक्यात दिलं होतं. ते घेऊन बाहेर पडले असते तर आज संध्याकाळी प्यायले असते, हे मला माझं नाव माहीत असावं तितकं माहीत होतं. मला पिण्याची इतकी चीड आली, आणि त्याहून जास्त त्या प्रशस्तिपत्राची, की मी उभी राहिले.

“कामात केलाय खोटेपणा,” मी म्हणाले. “त्या बाथरूममध्ये पडलेल्या बाईंचा रिपोर्ट. ती लेबलं मी उलटी लावली होती. प्यायलेली होते. नोंदवहीत लांब्याच्या नावावर मीच लिहिलं.”

मॅडमनी चष्मा परत लावला. त्या माझ्या कोपराच्या बोळ्याकडे बघत होत्या.

“हे मला आत्ता का सांगतेस? कोणी विचारलं नव्हतं.”

“म्हणूनच.”

“मी तुला ठेवू शकत नाही, कळतंय ना? मला त्या बाईंच्या घरी कळवावं लागेल. ते काय करतील मला माहीत नाही.”

“कळतंय.”

“लाज वाटत नाही तुला असं ताठ उभं राहून सांगायला?”

“वाटते,” मी म्हणाले. “पण वाकून सांगितलं असतं तर तुम्हाला दया आली असती.”

त्या हसल्या नाहीत. कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, “लेखी दे.” मी तिथेच बसून लिहिलं, पानभर, आणि दोन प्रती काढल्या. नळी मी तरीही लेबल लावून तपासायला दिली; रिपोर्ट दुपारी आला, त्यात दारूचा अंश नव्हता. तोवर त्याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. ॲप्रन काढून खुंटीला लावताना मी रडेन असं वाटलं होतं, पण मला सडकून भूक लागली होती.

घरी मुलगी शाळेतून आलेली होती. मी तिला सगळं सांगितलं, चप्पल न काढता, दारातच, कारण आत जाऊन बसले असते तर शब्द निवडले असते. लांब्याला ती ओळखत होती. तिच्या सहावीच्या विज्ञानाच्या प्रकल्पाला त्याने काचेच्या नळ्या आणून दिल्या होत्या. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तुझी नोकरी गेली.”

“बहुतेक.”

“आणि तू प्यायली नाहीस.”

“नाही. हवं तर—”

“शपथ नको घेऊस,” ती म्हणाली. “हात धू आणि जेव. मग त्याच्याकडे जा. नंतर जाईन म्हणशील आणि जाणार नाहीस.” तिचा आवाज थंड होता. माझी माफी तिच्याकडेही मागायची आहे, आणि तिने ती अजून मागू दिलेली नाही. मी सुरू केलं की ती रेडिओ लावते. तिचं बरोबर आहे. तिने माझ्या माफ्या फार ऐकल्या आहेत. जेवताना मी कंडक्टरला फोन केला. तो म्हणाला, “मी येऊ का बरोबर?” मी म्हणाले, “नको.” तो म्हणाला, “बरं,” आणि या वेळी मी चिडले नाही.

लांब्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. आता जनावरांच्या दवाखान्यात आहे, कुत्र्यांचं आणि गाईगुरांचं रक्त काढतो. पाच वाजले होते, दार त्यानेच उघडलं, चौकटीखाली वाकून. मला बघून तो तसाच वाकलेला राहिला. आत त्याची बायको टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती. मी म्हणाले, “मला एक सांगायचंय. उभी राहूनच सांगते.” आणि सांगितलं.

त्याने काही म्हणायच्या आधी त्याची बायको म्हणाली, “थांबा. परत सांगा.” मी परत सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. “मी दोन वर्षं याला म्हणते आहे,” ती हळू म्हणाली, माझ्याशी नाही, इस्त्रीशी बोलावं तसं, “की तूच चुकला असशील, माणूसच आहेस, एकदा मान्य कर म्हणजे झोप लागेल. आणि गेल्या वर्षी याने मान्य केलं.”

“मला आठवतंसुद्धा आता,” लांब्या म्हणाला. त्याचा आवाज मला वाटला होता तसा चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता, आणि तो ऐकवत नव्हता. “ती लाल झाकणं, माझ्या हातात. मी लेबल लावतोय आणि माझं लक्ष नाहीये. मला दिसतं ते.”

नोकरी घेतली एवढंच मला वाटत होतं. त्याची ती सकाळ पण मी घेतली होती, हे माझ्या हिशेबात नव्हतं. पानभर कागद लिहिला होता, त्यात ते कुठेच नव्हतं. “नाही,” मी म्हणाले, जरा जोरातच. “तुझ्या हातात नव्हत्या. तू खिडकीपाशी होतास. एक तान्हं मूल होतं, त्याच्या टाचेतून थेंब काढत होतास, आणि त्याची आई रडत होती म्हणून तू तिला पिशव्यांचे फुगे करून दाखवत होतास. मुलाला नाही, आईला. त्या दोन नळ्या माझ्यासमोर होत्या. मला त्या दोन-दोन दिसत होत्या, चार. हे मला पक्कं आठवतं, कारण हे विसरण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला आहे.”

तो भिंतीला टेकला. “हातमोज्यांचे,” तो म्हणाला.

“काय?”

“फुगे. पिशव्यांचे नव्हते. हातमोज्यांचे होते.” आणि त्याने हात चेहऱ्यावरून फिरवला, वरपासून खालपर्यंत, झोपेतून उठल्यावर फिरवतात तसा. बायको त्याच्याकडे बघत होती. मी कागदाची प्रत पुढे केली. म्हणाले, “मूळ मॅडमकडे दिलंय. ही तुझी. त्या बाईंच्या घरीही जायचंय मला.” त्याने तो घेतला, उजेडाकडे धरून वाचला, एकेक ओळ, बोट ठेवून, जसा तो रिपोर्ट वाचत असे. मधेच थांबला. खिशातून पेन काढलं.

“मंगळवार लिहिलंयस,” तो म्हणाला. “बुधवार होता. मंगळवारी मी रजेवर होतो, दात काढला होता.”

“मग बुधवार. मी प्यायलेली होते, तू नव्हतास. तुझंच बरोबर.”

त्याच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं ते, वर्षानुवर्षं न वापरलेलं, नळ सुकल्यावर पहिल्यांदा फुरफुरतो तसं. लगेच त्याने ते बंद केलं आणि चेहरा दगडासारखा केला. “हसलो म्हणून सोडलं असं समजू नकोस,” तो म्हणाला. “मला तुझं तोंडही बघायची इच्छा नाहीये.”

“नाही समजत.”

“उद्या मूळ कागदावर पण बदल. दोन्ही जुळले पाहिजेत. आणि हातमोज्यांचं पण लिही.” त्याने वार खोडला, वर नीट अक्षरात नवा लिहिला, बाजूला आपली सही केली आणि दाराकडे बघितलं. त्याच्या बायकोने मला बसायला सांगितलं नाही, आणि तेच योग्य होतं. मी खाली उतरले. जिन्यात शाळेतून येणारी मुलं आरडाओरडा करत वर चढत होती, मी भिंतीला लागून त्यांना वाट दिली, आणि विसरू नये म्हणून मोठ्यांदा, कोणी ऐकलं तर ऐकू दे, बुधवार, हातमोजे, बुधवार, हातमोजे, असं म्हणत रस्त्यावर आले.